दुरुस्तीनंतर अडून बसलेली मोटार

घरची मोटार घरींच दुरुस्त करण्याची हौस पुष्कळांस असते, आणि ती कांहीं वाईट नाहीं. परंतु अनेकदां असें घडतें कीं, सकाळीं खोकत कां होईना पण चालणारी गाडी दुपारीं नवे प्लग बसविल्यावर मुळींच सुरू होत नाहीं. मग एक म्हणतो, नवा प्लगच नासका निघाला. दुसरा म्हणतो, बॅटरी संपली. तिसरा गाडी ढकलण्यासाठीं शेजाऱ्यांस हांक मारतो. यांपैकीं कोणाचें खरें, हें तर्कानें ठरवितां येतें, आणि तो तर्क शाळेंतील विज्ञानाच्या तासास शिकलेल्या गोष्टींवरच चालतो.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊं. मुंबईंत कुर्ल्यास तयार होणारी ही चार सिलिंडरांची गाडी. तिचें उत्पादन केव्हांच बंद पडलें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणूनही तिनें २०२३ सालीं निरोप घेतला. तथापि हौशी लोकांनीं जपलेल्या अशा गाड्या अद्याप आहेत. विद्यार्थ्यांस ती फार सोयीची, कारण तिचे बहुतेक अवयव झांकण उघडतांच डोळ्यांस दिसतात.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. एंजिन फिरणें निराळें आणि एंजिन सुरू होणें निराळें. किल्ली दिली म्हणजे बॅटरीच्या विजेवर चालणारा सेल्फ एंजिनास फिरवितो. पुढें सिलिंडरांत पेट्रोल पेटूं लागलें म्हणजे तें स्वतःच्या बळानें फिरतें. म्हणून किल्ली देऊन कान द्यावा. नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन सर्व शांत झालें, तर तूर्त प्लगांची चौकशी नको. दोष बहुधा बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवरच असतो.

येथें हटकून कोणीतरी विचारतो, ‘दिवे तर लख्ख लागतात, मग बॅटरीकडे दोष कसा?’ शंका रास्त आहे. तिचें उत्तर ओहमच्या नियमांत सांपडतें. कामास आरंभ करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडलेली असते. ती पुन्हां जोडतांना पकड ढिली राहिली, किंवा तिच्यावरील पांढरा क्षार खरडून काढला नाहीं, तर त्या सांध्यांत थोडा रोध उत्पन्न होतो. तो एका ओहमचा विसावा भाग धरूं. पुढचे दोन मोठे दिवे मिळून सुमारें १० अँपिअर प्रवाह घेतात. त्या वेळीं सांध्यांत अर्धा व्होल्ट खर्च होतो, आणि बारांतून अर्धा गेला तर डोळ्यांस कळतही नाहीं. परंतु सेल्फला १५० अँपिअर, कधीं अधिकही, लागतात. तितका प्रवाह त्याच सांध्यांतून न्यावयाचा तर तेथेंच साडेसात व्होल्ट खर्ची पडावयास हवेत! अर्थात् तितका प्रवाह वाहूंच शकत नाहीं, आणि सेल्फ जागचा हलत नाहीं. पकड स्वच्छ करून पान्यानें घट्ट आवळली कीं, मेलेली समजलेली बॅटरी जिवंत होते. नवी बॅटरी आणण्यापूर्वीं ही पांच मिनिटांची तपासणी अवश्य करावी. पालकांचे कित्येक रुपये तिनें वांचतील.

आतां एंजिन जोमानें फिरतें, परंतु पेट घेत नाहीं, असें समजूं. त्यास पेट्रोल व हवा यांचें मिश्रण हवें, तें दाबलें जावयास हवें, आणि योग्य क्षणीं ठिणगी हवी. आपला हात लागला तो ठिणगीच्या मार्गास. म्हणून शोध तेथूनच सुरू करावा. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडून पाहावें. आंतील रोटर पुसावयास काढला आणि बाकावरच राहिला, असें प्रत्यक्ष घडतें. एंजिन मग कितीही फिरवा, एकही प्लग पेटावयाचा नाहीं. नवे पॉइंट बसविले असतील तर तारेखालची इन्सुलेटरची लहानशी चकती जागेवर आहे ना, हें पाहावें. ती वगळली तर प्रवाह थेट गाडीच्या अंगांत उतरतो. पॉइंट उघडले तरी तो तुटत नाहीं, आणि तुटल्यावांचून कॉइलमध्यें उच्च दाब उत्पन्न होत नाहीं.

त्यानंतर तारांचा क्रम. या एंजिनाचे सिलिंडर १, ३, ४, २ अशा क्रमानें पेटतात. चारही तारा एकदम उपटून काढल्या आणि अंदाजानें बसविल्या, तर ठिणगी पडते खरी, पण भलत्याच घरीं. एंजिन मग शिंकतें, कार्ब्युरेटरमधून फटकारे मारतें, आणि क्वचित् तेथें ज्वाळाही दिसते. म्हणून एक तार काढावी, तो प्लग बदलावा, ती तार लावावी, आणि मगच दुसरीस हात घालावा.

तरीही दुरुस्तीनंतर झालेला प्रत्येक बिघाड दुरुस्तीनेंच झाला, असें नव्हे. काम चालू असतां दिवा तीन-चार तास जळत राहिला तर बॅटरी उतरते. पुन्हां पुन्हां किल्ली व चोक दिल्यानें प्लग पेट्रोलानें भिजतात. वास आला कीं दहा मिनिटें स्वस्थ बसावें. आणि टाकींत पेट्रोल आहे काय, हेंही पाहण्यास लाजूं नये!

मुलांनीं हीं कामें वडील मंडळींच्या देखत करावीं. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी. नाहींतर धन टोंकावरील पाना पत्र्यास टेकून मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन सांचलेला असूं शकतो. प्लगची तार हातांत धरून ठिणगी पाहूं नये. तिच्यांत हजारों व्होल्ट असतात. बंद खोलींत एंजिन चालवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अलीकडील गाड्यांत कार्ब्युरेटर व पॉइंट गेले, त्यांच्या जागीं इंजेक्टर व संगणक आले. तेथेंही घरच्या दुरुस्तीनंतर प्रथम पाहावयाचें तें न बसलेलें एखादें प्लास्टिकचें कनेक्टर. एवढ्यानें न भागलें तर मिस्त्रीस बोलवावें, आणि कोणकोणता भाग काढला होता तें त्यास सरळ सांगावें. तें लपविलें तर बिचारा टाकीपासून आरंभ करतो, आणि त्या तासांची मजुरी आपणांसच भरावी लागते.