ठिणगीने कापायचे, पण जपून

पवनीकडची जुनी मातीची घरं आठवा. मातीत तणस कालवायचे. माती आकार धरते, तणस तडा जाऊ देत नाही. तंतुमय संमिश्र पदार्थ म्हणजे हेच! तणसाच्या जागी कार्बन तंतू, मातीच्या जागी इपॉक्सी. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ विमानासाठी असेच बीम बनले.

अशा पदार्थाला ड्रिल मारले की थर सुटतात, टूलची धारही लवकर जाते. म्हणून ईडीएम पद्धतीचा विचार होतो. १९४३ मध्ये सोव्हिएत रशियातील लाझारेन्को दांपत्याने ती विकसित केली. इलेक्ट्रोड आणि जॉब डायलेक्ट्रिक द्रवात, मधे बारीक फट. ठिणगी पडली की तिथला कण वितळून किंवा वाफ होऊन उडतो. टूल जॉबला टेकतच नाही.

आता खरी मेख बघा. जॉबमधून वीज वाहायलाच हवी. कार्बन तंतूंतून वाहते, काचतंतूंतून नाही. शिवाय कार्बन तीन हजार अंशांनाही वितळत नाही, इपॉक्सी मात्र तीन-चारशे अंशांतच जळू लागते. ठिणगी मोठी ठेवली तर छिद्राभोवतीची इपॉक्सी आतून जळते. वरून कळत नाही, पण बीम तिथेच कमजोर होतो.

म्हणून करंट कमी, पल्स छोटा. वेळ लागतो? लागू द्या. त्या बीमवर माणसं बसणार आहेत.