शून्याचा दिवस
(इयत्ता सातवीच्या गणितास जोडून एक पाठ)

संगणकास क्रमाने दिलेल्या सूचनांस प्रोग्राम म्हणतात. त्यात राहिलेल्या चुकीस त्या व्यवसायातील लोक ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. खानदेशातील मुलांस हे नाव चटकन पटेल. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बोंड उकलल्यावर ती दिसली तर कापूस गेलेलाच असतो. प्रोग्राममधील किडाही तो चालविण्यापूर्वीच शोधावा, हा या पाठाचा विषय होय.

फळ्यावर पुढील सूचना लिहाव्या : चाचणीस बसलेल्या मुलांच्या गुणांची बेरीज कर. बसलेली मुले मोज. बेरजेस त्या संख्येने भाग. आलेली सरासरी लिही.

एका मुलाने संगणक व्हावे आणि पदरची अक्कल न घालता एकेक सूचना कागदावर पाळावी. मुले २५, बेरीज ४००, सरासरी १६. सारे बिनचूक दिसते. आता शिक्षकांनी विचारावे : भाजक शून्य होईल असा दिवस आपल्या शाळेत येतो काय? जेथून कुटुंबे ऊसतोडीस जातात, तेथे उत्तरास वेळ लागणार नाही. लहानशा वर्गातील सारी मुले आईबापांबरोबर गेली की चाचणीस बसलेली मुले शून्य. शहरात प्रोग्राम लिहिणाऱ्यास हा दिवस सहसा सुचत नाही.

एखादा हुशार मुलगा म्हणेल, “मग सरासरी शून्य लिहावी.” येथे घाई करू नये. सरासरी शून्य याचा अर्थ मुले चाचणीस बसली आणि एकासही गुण मिळाला नाही. गावाबाहेर गेलेल्या मुलांच्या नावे असे लिहिणे असत्य होईल, आणि तालुक्यास तो आकडा वाचणारा त्यांस मठ्ठ समजेल. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी शून्याने भागिलेल्या राशीस ‘खहर’ हे निराळे नाव दिले. तिला शून्य मानले नाही. म्हणून तिसऱ्या सूचनेपूर्वी एक सूचना घालावी : संख्या शून्य असल्यास ‘चाचणी झाली नाही’ असे लिही व थांब.

हा दोष मोठ्यांच्या हातूनही राहतो. १९९७ साली यॉर्कटाउन या अमेरिकन युद्धनौकेवर संगणकात एका ठिकाणी शून्य भरले गेले. त्याने भागाकार होताच यंत्रणा कोलमडली आणि नौका समुद्रात थांबली. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात प्रोग्राम न चालविता, नुसता तपासून असे दोष दाखविणारी साधने तयार झाली.

घरचा अभ्यास : केळीच्या बागेतील घडांचे सरासरी वजन काढण्याच्या सूचना लिहाव्या. वादळात सारी बाग आडवी झाली, त्या साली संगणक काय लिहील, ते चालविण्यापूर्वी कागदावर सांगावे.