ऑप्टिकल जाळे : पोर्टचा वेग आणि मार्गाची क्षमता

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येक ग्रामपंचायतीस सेकंदाला किमान १०० मेगाबिट वेगाची जोडणी, हे त्याचे उद्दिष्ट होते. अशी उद्दिष्टे अभ्यासताना पोर्टचा वेग आणि मार्गाची क्षमता यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. एसडीएच या जुन्या पारेषण-पद्धतीच्या उदाहरणावरून तो स्पष्ट होतो.

या पद्धतीत इथरनेटची माहिती ठरावीक आकाराच्या कंटेनरांतून वाहून नेली जाते. एसटीएम-१ मार्गाचा वेग १५५.५२ मेगाबिट असून त्यात प्रत्येकी २.१७६ मेगाबिटचे ६३ 'व्हीसी-१२' कंटेनर सामावतात. १०० मेगाबिटच्या सर्किटला त्यांपैकी ४६ लागतात. उरलेल्या १७ कंटेनरांची क्षमता सुमारे ३७ मेगाबिट एवढीच असते. त्यामुळे दुसरे पोर्ट रिकामे असूनही तेवढ्याच वेगाचे दुसरे सर्किट उभारता येत नाही.

दोष शोधताना प्रथम दोन्ही टोकांना सर्किटला दिलेल्या कंटेनरांची संख्या तपासावी. पाचच दिले असल्यास १०० मेगाबिटच्या पोर्टवरही सुमारे १० मेगाबिटच मिळतील. नंतर मधल्या प्रत्येक टप्प्यावरील मोकळे कंटेनर मोजावेत. सर्वांत कमी क्षमतेचा टप्पा संपूर्ण मार्गाची मर्यादा ठरवतो.

तात्पर्य, पोर्टची संख्या म्हणजे क्षमता नव्हे. अडचणीचा टप्पा न शोधता नवी उपकरणे घेतल्यास सार्वजनिक पैसा खर्च होतो, वेग मात्र वाढत नाही.