चाकरमान्यांनो, मृगाआधी सातबारा बघा

विक्रोळीत शेती नाही, पण कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइटमधल्या कितीतरी घरांची नावं कोकणातल्या आणि घाटावरच्या सातबाऱ्यांवर आहेत. मे महिन्यात मंडळी गावी जातात, आंबे-फणस घेऊन परततात आणि कागद तिथेच राहतात. मग वर्षभर विचारणा: किसान सन्मानचा हप्ता का नाही आला?

केंद्राचे वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी तेवढेच. मुंबईतली खासगी नोकरी याच्या आड येत नाही, जमिनीची मालकी लागते. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून लाभार्थी मात्र एकच.

घोडं अडतं ते वारस नोंदीपाशी. आजोबा कधीच गेले, सातबाऱ्यावर अजून तेच. 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाकडे आलेल्या जमिनीला ही अट नाही. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवर तो इथूनही भरता येतो. नोटिशीचे 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, यावरून मयत खातेदार किती असतील ते ओळखा. बहिणींची नावं गाळू नका. पुढे तेच प्रकरण कोर्टात उभं राहतं.

गावी राहून जमीन कसणाऱ्या भावाचं नाव उताऱ्यावर आहे का, तेही बघा. नसेल तर घाम त्याचा आणि हप्ता मुंबईला, असं होतं. ते बरं नव्हे. शिवाय ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, विक्रोळीत बसून नाही. तो भाऊच काढणार. ही नोंद नसेल तर पीक विम्यात अडचण येते. एक रुपयातला विमाही 2025 च्या खरिपापासून बंद झालाय, आता खरीप अन्नधान्य पिकांना विमा रकमेच्या 2 टक्के भरावे लागतात.

शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-केवायसी इथल्या सीएससी केंद्रातही होते. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नोकरी बदलताना नवं खातं उघडलं असेल, तर हप्ता कदाचित तिथेच पडून असेल.

ठाणे खाडीत जाळं टाकणाऱ्यांसाठी थोडं. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. वेळेवर फेड केली तर व्याज 4 टक्क्यांवर येतं. डिझेल परतावा फक्त नोंदणीकृत यांत्रिक नौकांना, तोही मच्छीमार संस्थेमार्फत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्या काळात नौकेचा परवाना आणि नोंदणी तपासून घ्या.

आयकर भरणाऱ्यांनी, वर्ग चार सोडून सरकारी नोकरीत असलेल्यांनी आणि, पुन्हा वर्ग चार सोडून, महिना 10,000 किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी किसान सन्मानच्या हप्त्याच्या वाटेला जाऊ नये. अपात्रांकडून घेतलेली रक्कम वसूल केली जाते.