एका वेळी एकच संशय

पेडगावात जुना ४८६ कॉम्प्युटर सुरू करायचा तर पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसतो, लाइटचा असतो. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की उसळतं, आणि तिशी ओलांडलेला पॉवर सप्लाय हे झटके फार दिवस सोसत नाही. आधी अर्थिंग तपासून घ्या, मग स्टॅबिलायझर लावा. नंतरच पुढचं वाचा.

माझा खटाटोप होता रेंड३८६ साठी. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या डेव्ह स्टँप आणि बर्नी रोएल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा आभासी जगाचा प्रोग्रॅम. साध्या ३८६ वर आणि व्हीजीए कार्डावर चालावा म्हणून त्यातलं गणित पूर्णांकांत बसवलेलं आहे. वेगळा मॅथ को-प्रोसेसर लागत नाही. त्यांनी तो फुकट वाटला. हजारो डॉलरची यंत्रं असल्याशिवाय आभासी जगात पाऊल टाकता येत नव्हतं, त्या काळात त्यांनी ते घरातल्या पीसीवर आणलं. गावातल्या मुलांना हे दाखवण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण यातली प्रत्येक वस्तू म्हणजे साधी मजकुराची फाइल असते. आधी बिंदूंचे एक्स, वाय, झेड आकडे, मग कोणते बिंदू जोडून कोणता पृष्ठभाग होतो याची यादी. नववीतलं निर्देशक भूमितीचं पान इथे हलायला लागतं.

आता सावधगिरीचं. कार्यालयातून निघालेलं मशीन हाती आलं की लगेच बटण दाबू नका. झाकण काढा. मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. आमच्याकडे आलेल्या मशीनमधली ती फुटून वाहिली होती आणि भोवतीचे तांब्याचे पट्टे हिरवे पडले होते. अशी बॅटरी कापून काढा, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या. बॅटरी गेली की बायोसमधली हार्डडिस्कच्या मापांची नोंदही जाते. डिस्कवरच्या लेबलावरचे सिलिंडर, हेड, सेक्टर वहीत उतरवून ठेवा. डिस्क बदलायची असेल तर ५०४ एमबीच्या पुढचं बऱ्याच ४८६ च्या बायोसला कळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

महाराष्ट्रातल्या जुन्या मशीनमध्ये देवनागरीसाठी बसवलेलं सी-डॅकचं जिस्ट कार्ड कधीकधी सापडतं. ते फेकू नका, पण प्रोग्रॅम बसवताना बाहेर काढून ठेवा. व्हीजीए कार्ड आणि डिस्कचा कंट्रोलर सोडला तर बाकी सगळीच कार्डं काढा.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे की एका वेळी एकाच गोष्टीवर संशय घ्या. पडदा काळा राहिला तर दोष फाइलचा, ड्रायव्हरचा की बोर्डाचा, हे एकदम शोधायला गेलात तर आठवडे जातात. म्हणून तुमच्या जगाच्या फाइली आधी नव्या कॉम्प्युटरवर, डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवून पाहा. तिथे चालल्या आणि ४८६ वर अडल्या, तर फाइल निर्दोष. मग डॉस सुरू होताना एफ५ दाबा. डॉस ६ पासून असं केलं की कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक दोन्ही फाइली वगळल्या जातात. त्यानंतर फक्त हायमेम आणि माउसचा ड्रायव्हर घेणारी वेगळी फ्लॉपी करा. ईएमएम३८६ घेऊ नका. त्याने प्रोसेसर वेगळ्या मोडमध्ये जातो आणि हार्डवेअर थेट हाताळणारे प्रोग्रॅम अडखळतात. मेम आज्ञा देऊन ६४० केबीपैकी किती मोकळं आहे ते दर वेळी पाहा.

रेंड३८६ मध्ये उभं करायला आम्ही मुलांसाठी बारव निवडली. आमच्याच परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. प्रत्येक पायरी पूर्ण ठोकळा म्हणून लिहिली तर सहा पृष्ठभाग लागतात, दिसतात मात्र दोनच. तेवढेच लिहा. बिंदूंचा क्रम उलटा लागला तर पायरी दिसतच नाही, कारण पाठ फिरवलेला पृष्ठभाग प्रोग्रॅम रंगवत नाही. दुसरी अडचण अवघड आहे. रेंड३८६ लांबचं आधी आणि जवळचं नंतर रंगवतो, त्यामुळे बारवेसारख्या खोलगट जागेत लांबलचक भिंत चुकीच्या जागी पुढे येते. भिंतीचे छोटे तुकडे करा. पण फार नाही, कारण तुकडे वाढले की चित्र अडखळू लागतं. एका चित्राचे ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० बाइट्स दर वेळी कार्डाकडे जातात, आणि जुनं आयसा कार्ड इथेच दमतं. व्हेसा लोकल बसचं कार्ड मिळालं तर तेच घ्या.

डावा-उजवा डोळा आळीपाळीने झाकणारे शटरचे चष्मे मिळाले तर त्यांना काचेचा जुना मॉनिटरच लागतो. ३२० गुणिले २०० च्या या मोडमध्ये पडदा सेकंदाला ७० वेळा उजळतो, म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ३५. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे चष्म्यातून खोलीच थरथरताना दिसते. ती बंद करा. पाच मिनिटांपेक्षा जास्त कुणाला बसवू नका, मळमळ झाली की लगेच उठवा. मिरगीचा त्रास असलेल्या मुलाला चष्मा देऊच नका. त्याला साध्या पडद्यावर, माउसनेही बारवेत उतरता येतं.