कोळंबीची सालं मातीत कोण खातं?

प्रश्न : गाझीपूरच्या मच्छी मंडीतून आणलेली कोळंबी सोलली की सालं कचऱ्यात टाकवत नाहीत. म्हणून दिवाळीनंतर ती गच्चीतल्या कुंडीत पुरली. संक्रांतीला माती उकरली तर सालं जशीच्या तशी! पावसाळ्यात पुन्हा पाहिलं तर मागमूस नाही. मग ती गेली कुठे?
– एक वाचक, मयूर विहार, दिल्ली

उत्तर : सालं खाल्ली गेली, पण ते काम एकट्यादुकट्या जिवाचं नव्हे. ते एवढं अवघड का, हे समजायला घरीच एक प्रयोग करा. कोळंबीचं एक साल धुऊन वाटीभर व्हिनेगरमध्ये टाका. थोड्याच वेळात त्यावर बारीक बुडबुडे धरतात. सालातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे. दुसऱ्या दिवशी साल बोटांत धरून वाकवा. कडकपणा गेलेला असेल, पण साल शाबूत असेल : पातळ, लवचीक आणि चिवट. हे जे उरतं ते कायटिन आणि त्याला बिलगलेली प्रथिनं. पुढे कितीही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा, कायटिन विरघळत नाही. पाण्यात नाही, उकळूनही नाही.

कायटिन म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. कापसातल्या सेल्युलोजची साखळीही अशीच गुंफलेली असते. फरक इतकाच की कायटिनच्या प्रत्येक कडीवर नायट्रोजन असलेला एक छोटा गट जास्तीचा असतो. या गटामुळे शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. कोळंबी, खेकडा आणि कीटकांच्या कवचात शेजारच्या साखळ्या उलटसुलट दिशांनी रचलेल्या असतात, म्हणून पकड फार पक्की. माकुलाच्या अंगातून जी पारदर्शक पट्टी निघते, तिच्यात सगळ्या साखळ्या एकाच दिशेला असतात. तिथे पाणी आत शिरू शकतं आणि रचना सैल राहते. पदार्थ एकच, नुसती मांडणी बदलली.

कायटिन प्रथम सापडलं ते मात्र कवचात नव्हे, अळंबीत. 1811 साली फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री ब्राकोनो यांनी ते वेगळं काढलं. सोनीपतहून दिल्लीच्या बाजारात येणारी पांढरी अळंबी कितीही शिजवली तरी पालेभाजीसारखी गळत नाही, याचं श्रेयही तिच्या पेशीभित्तिकेतल्या कायटिनलाच.

आता कुंडीकडे येऊ. आपण पुरलेल्या सालावर आधी जिवाणू आणि बुरशी येतात, ते त्यातली प्रथिनं फस्त करतात. कुजकी दुर्गंधी येते ती या टप्प्यावर. कायटिनला स्वतःचा असा वास नाही. मग पाळी कायटिनेज नावाच्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची. पहिल्या पावसाच्या मातीला जो वास येतो तो बराचसा ज्यांच्यामुळे, ते स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू या कामात तरबेज आहेत. काही विकरं साखळी मध्येच तोडतात, काही टोक पकडून दोन-दोन कड्या कापत जातात. सेरेशिया या जिवाणूकडे तर अशी दोन विकरं आहेत की एक साखळीच्या या टोकाकडून निघतं आणि दुसरं त्या टोकाकडून. शेवटी आणखी एक विकर त्या जोड्या फोडून सुटी साखर मोकळी करतं.

पण घट्ट रचलेल्या साखळीला विकर धरणार कुठे? पीळ घट्ट असला की सुंभात कात्री शिरत नाही, आधी एखादा धागा तुटावा लागतो. हा धागा तोडणारं, तांब्याचा अणू बाळगणारं एक वेगळंच विकर असतं, हे नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी 2010 साली दाखवून दिलं. ते ऑक्सिडीकरणाने घट्ट पृष्ठभागावरच चिरा पाडतं आणि मग कायटिनेजना वाट मिळते. इतकी जुनी प्रक्रिया आणि तिची ही पहिली पायरी परवा-परवा कळली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संक्रांतीपर्यंत काही घडलं नाही, याला कारण दिल्लीची थंडी. विकरं निकामी झाली नव्हती. गार मातीत ती स्रवणारे जीवच सुस्तावले होते. जुलैत ऊब आणि ओल दोन्ही मिळाली आणि काम झपाट्याने उरकलं.

घरात कधी पांढरंफटक झुरळ दिसलं असेल, तर तेही याच विकरांचं काम. कात टाकण्याआधी झुरळ जुन्या कवचाखाली कायटिनेज असलेला द्रव सोडतं, आतला थर विरघळवून पुन्हा शोषून घेतं आणि बाहेर पडतं. काही तासांत नवं कवच गडद आणि टणक होतं. माणसाचं शरीर कायटिन बनवतच नाही. म्हणूनच डासांच्या अळ्यांवर डायफ्लुबेन्झुरॉन वापरता येतं, ते कायटिन तयार होण्यातच अडथळा आणतं. अळीला नवं कवच नीट घडवता येत नाही आणि ती मरते.

सालं कुंडीतच घाला, हे माझं स्पष्ट मत आहे. पूर्व दिल्लीचा कचरा 1984पासून गाझीपूरच्या ढिगावर पडतो आहे. त्याच्या पोटात हवा पोचत नाही आणि ओला कचरा कुजून मिथेन सुटतो. तीच सालं मातीत गेली तर शुद्ध कायटिनमध्येच सुमारे 7 टक्के नायट्रोजन आहे, तो झाडाला मिळतो. शिवाय कायटिन खाणारे जीव मातीत वाढले की त्यांची विकरं रोगट बुरशीच्या भित्तिकेवरही चालतात. कोकणात नारळीच्या बुंध्याशी मासळीचं खत घालतात, तो शहाणपणा गच्चीतही चालेल. सालं धुऊन मीठ काढा, उन्हात कडकडीत वाळवा, कुटा आणि वीतभर खोल पुरा, म्हणजे मांजरं उकरणार नाहीत. दिल्लीची माती मुळात अल्कधर्मी आणि सालात चुना, तेव्हा एका कुंडीला मूठभर पुरे. आणि पुरायचं ते मार्चमध्ये किंवा पावसाच्या तोंडावर, दिवाळीनंतर नव्हे.