आकाशातील लाटा

(लाटा केवळ समुद्रातच उठतात असे नाही. पर्वतावरून वाहणाऱ्या हवेतही लाटा उठतात. बदलत्या वाऱ्यात त्यांचे काय होते व त्यांचा अभ्यास का करावा लागतो, हे या पाठात सांगितले आहे.)

५ मार्च १९६६ चा दिवस. जपानमधील टोकियोहून एक प्रवासी विमान हाँगकाँगला निघाले. आकाश निरभ्र होते. तरीही फुजी पर्वताजवळ विमानाला हवेचे भयंकर हादरे बसले आणि ते आकाशातच मोडले. विमानातील सर्व १२४ माणसे मरण पावली.

स्वच्छ आकाशात हे हादरे कोठून आले? फुजी पर्वत ३७७६ मीटर उंच आहे. त्या दिवशी त्याच्या माथ्यावरून जोराचा वारा वाहत होता. त्यामुळे पर्वतापलीकडच्या हवेत लाटा उठल्या होत्या.

ओढ्यातील मोठ्या दगडावरून पाणी वाहताना तुम्ही पाहिले असेल. दगडाच्या पुढे लाटा दिसतात. पाणी वाहत जाते, पण लाटा तेथेच राहतात. हवेचेही असेच होते. वारा पर्वतावर चढतो, तेव्हा हवा थंड होते आणि भोवतालच्या हवेपेक्षा जड होते. पर्वत ओलांडताच गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढते. ती जरुरीपेक्षा जास्त खाली येते, तेथे उबदार व हलकी होते आणि पुन्हा वर उसळते. हीच पर्वतलहर. ती डोळ्यांना दिसत नाही. कधी कधी मात्र तिच्या माथ्यावर मसुराच्या दाण्यासारखा ढग दिसतो. वारा सुटलेला असला तरी तो ढग जागचा हलत नाही.

पर्वतलहर आकाशात वरही चढते. उंचावर हवा विरळ असते, म्हणून लाट मोठी होत जाते. वाऱ्याची दिशा कायम राहिली, तर ती फार उंच जाऊ शकते. पण जेथे वारा पडतो किंवा उलट वाहू लागतो, तेथे तिची वाट बंद होते. किनाऱ्यावरच्या लाटेसारखी ती फुटते. तेथील हवा घुसळून निघते आणि वाऱ्याचा वेगही बदलतो.

म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर हवेचा नमुना तयार करतात. प्रत्येक थरातील वारा व तापमान घेऊन लाट कोठे फुटेल याचा हिशेब करतात. हे काम कठीण आहे. लाट वर पोहोचेपर्यंत वारा बदललेला असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून अनेक नमुन्यांत वारा स्थिर धरतात. तेथे अंदाज चुकू शकतो. १९८० नंतरच्या दशकात हवामानाच्या नमुन्यांत पर्वतलहरींचा विचार होऊ लागला, तेव्हा वाऱ्याचे अंदाज सुधारले.

या लाटांचा उपयोगही होतो. २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लाटांवर स्वार होऊन ‘पर्लान २’ हे इंजिन नसलेले विमान सुमारे २३,२०० मीटर उंचीवर गेले. ज्या लाटेने एक विमान मोडले, तशाच लाटेने दुसरे उंच नेले. म्हणून वाऱ्याची चाल ओळखणे महत्त्वाचे आहे.

शब्दार्थ
निरभ्र – ढग नसलेले
विरळ – दाट नसलेली
उसळणे – जोराने वर येणे
घुसळून निघणे – जोराने ढवळली जाणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फुजी पर्वताची उंची किती आहे?
(आ) पर्वतलहरीच्या माथ्यावर कसा ढग दिसतो?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) पर्वत ओलांडल्यावर हवा खाली येते.
(आ) लाटेचा अंदाज करणे कठीण असते.
प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जड, थंड, स्थिर, सोपा